पापनिवेदनाचा सराव

“साध्या पापापासून सुरुवात करा, आबा,” पास्कल म्हणाला. “एकदम खून नको.”

सीताराम पडवीतल्या खुर्चीशेजारी गुडघे टेकून बसला. मधे दोरीवर बायकोचं जुनं लुगडं टाकलं होतं, ती पापी आणि धर्मगुरू यांच्यामधली जाळी. पलीकडे खुर्चीत त्याचा मुलगा पास्कल, मांडीवर वही. पुण्याच्या सेमिनरीत ईशज्ञानाच्या पदवीचं त्याचं शेवटचं वर्ष होतं. डिसेंबरात तो धर्मगुरू होणार होता. त्याआधी, जूनमध्ये, पापनिवेदन ऐकण्याची परीक्षा. तिथे एक प्राध्यापक पापी होऊन येतो, काहीतरी गुंत्याचं पाप सांगतो, आणि विद्यार्थ्याने धर्मगुरू होऊन त्याला वाट दाखवायची. पुस्तकं सगळी पाठ होती, पापी तेवढा मिळत नव्हता. सुट्टीला लोणावळ्यात घरी आल्यावर आईनेच, रतनबाईने, तोडगा काढला. “आबास्नी बसव की. दिवसभर रिकामंच असत्यात.”

सीतारामने तीस वर्षं घाटात गँगमन म्हणून रूळ सांभाळले होते. सांगितलं काम निमूटपणे करायची त्याला सवय होती. त्याने शेजारची पपई चोरली, मुकादमाला शिव्या दिल्या, दोन रविवार चर्चमधली मिस्सा बुडवली, असं सांगितलं. पास्कलने प्रायश्चित्त म्हणून पपईला तीन प्रार्थना लावल्या, शिव्यांना पाच.

“आता जरा अवघड सांगा. असली पापं परीक्षेत विचारत नाहीत.”

सीतारामने आतल्या दाराकडे पाहिलं. आत रतनबाईचं पापड लाटणं चालू होतं. पोराच्या दीक्षेला सगळी आळी जेवायला येणार, म्हणून ती मे महिन्यातच कामाला लागली होती.

“आमच्या गँगमधल्या एकाचं सांगतो,” सीताराम म्हणाला. “मीच तो, असं धरून सांगू?”

“तसंच सांगायचं असतं.”

“फादर, बायकू बाळंत झाली आन् तापानं फणफणली. कल्याणच्या दवाखान्यात महिनाभर व्हती, शुद्ध न्हवती. पोर मी घरी आणलं. आठव्या दिशी त्याचा बाप्तिस्मा केला. धाव्या दिशी पोर गेलं. डाक्टर म्हनला, बाईला आत्ता कळलं तर बाई बी जाईल. त्याच हप्त्यात घाटात खडी फोडणारी एक ठाकराची बाई बाळंत हून मेली. तिला मागं कुनी न्हवतं. तिचं पोर मी उचललं. बायकू घरी आली, तिनं त्याला छातीशी धरलं. मग सांगायचं ऱ्हाऊनच गेलं.”

पास्कल खूश झाला. असा प्रश्न प्राध्यापकांनाही सुचला नसता. “आणि त्या दुसऱ्या मुलाचा बाप्तिस्मा?”

“तो कसा करनार? चर्चच्या वहीत पयल्याचं नाव चढलेलं व्हतं, तेच ह्याला चाललं. फादरला काय सांगू?”

“मग तो मुलगा ख्रिस्ती नाहीच. त्याने आजवर घेतलेला ख्रिस्तप्रसाद लागू नाही. काहीच लागू नाही.”

“आन् समजा, तो शिकून धर्मगुरू झाला तर?”

“वा, आबा! मग त्याची मिस्सा पोकळ. त्याने लोकांना दिलेली पापक्षमाही पोकळ.”

पोरगा हुशार होता, यात शंका नाही. वाईट वाटतं ते त्याचंच. मधलं लुगडं जरा बाजूला करून त्याने बापाचं तोंड पाहिलं असतं, तर वही तिथेच मिटली असती.

“पानी फादरनंच घालावं लागतं ना?” सीतारामने विचारलं.

“छे. अडीअडचणीला कुणीही घालू शकतं. तांब्याभर पाणी आणि एक वाक्य. त्या माणसाने स्वतः घातलं असतं तरी चाललं असतं.”

“कुनीबी?”

“कुणीही.”

“हे आमाला ठाव न्हवतं,” सीताराम म्हणाला. सव्वीस वर्षं ज्या ओझ्याखाली काढली, ते एका तांब्याने उतरलं असतं. त्याने डोळे पुसले आणि पुन्हा हात जोडले. “मग मला माफी हाय का, फादर?”

“आहे. पण आधी त्या मुलाला खरं सांगायला हवं. म्हणजे त्याला बाप्तिस्मा घेता येईल.”

“आन् बायकूला?”

इथे पुस्तकात सबुरीने घ्या असं लिहिलं होतं. खरं सांगून कुणाचं काळीज फाटणार असेल, तर आधी चार दिवस विचार करा, असं. पास्कलने ते वाचलंही होतं. पण आवाजाला एकदा धर्मगुरूचा भार चढला की थांबवत नाही.

“तिला तर सगळ्यात आधी,” तो म्हणाला. “आईला आपल्या मुलासाठी रडूसुद्धा दिलं नाही त्या माणसाने. हे पाप बाकी सगळ्याहून मोठं. आजच सांगा.”

सीताराम खुर्चीचा हात धरून उठला. “बरं. सांगून येतो.”

“अहो आबा, पापक्षमेचे शब्द राहिलेत अजून.”

“ते तुला डिसेंबरापातुर म्हनता येत न्हाईत,” सीताराम म्हणाला आणि आत गेला.

म्हातारा सरावाला कंटाळला, असं समजून पास्कल हसला. विसरायच्या आत त्याने सगळं प्रकरण वहीत उतरवून घेतलं. आतलं लाटणं थांबलं. आबांचा आवाज येत होता, हळू आणि एकसारखा. शब्द कळत नव्हते. मग तोही थांबला.

बऱ्याच वेळाने आईचा आवाज आला. ती रडत नव्हती.

“माझ्या पास्कलला कुटं पुरलं तुमी?”