खिडकीला टांगलेला माइक

राज्यपुनर्रचनेच्या वर्षी तापीकाठच्या इतवारा मोहल्ल्यातील नंदकुमारने नेपानगरच्या क्लबातून ड्रमसेट मागून आणला. ध्वनिमुद्रणासाठी उसना टेपरेकॉर्डर आणि एकच माइक होता. स्टँड नसल्याने तो त्याने खिडकीच्या गजाला टांगला. गल्लीचा गलका नको म्हणून दारांवर गोधड्या लावल्या, स्वतःच्या व धाकट्या बहिणीच्या, लीलाच्या, कानांत कापसाचे बोळे घातले आणि सकाळभर तो तल्लीन होऊन वाजवत राहिला.

दुपारी फीत ऐकताना त्याच्या कपाळाला आठी पडली. "लीले, मध्येच ही थाप कोणाची? ताल बिघडवला की मेल्याने!"

"दादा, दवंडी आहे ती. नीट ऐक."

"तापी मैया चढ रही है! बारा बजे तक मोहल्ला खाली करो!"

लीलाने घड्याळाकडे पाहिले. दोन वाजून गेले होते, आणि उंबरा ओलांडून तापीमाई निमूटपणे घरात येत होती.