खोक्यातला आवाज

खोकं बोललं, "आई, आत बस हं. मी लवकर येते." आणि दाराची कडी सरकवलेली म्हातारी लिबिया न थांबता तडक बाहेर चालू लागली.

चर्चच्या सभागृहात हशा पिकला. रुबिएलानं धावत जाऊन आईचा दंड धरला. हळूच, काचेचं भांडं धरावं तसा. "चल गं आई, बसू या हं," ती म्हणाली. शब्द अगदी मधात बुडवलेले.

मेदेयिन शहरातून आलेली येसेनिया ही खोकी बनवत होती. दाराची कडी सरकली, की खोक्यातून घरच्या माणसाचा आवाज यायचा आणि विसरणारं माणूस थांबायचं. डोंगरातल्या त्या गावात विसरण्याचा आजार घरोघरी होता. येसेनियाचा हट्ट एकच. यंत्र ज्यांच्यासाठी, त्यांनीच ते घडवायला बसायचं. म्हणून सभागृहाच्या मधोमध एक नुसतंच दार उभं केलं होतं, आजूबाजूला भिंत नसलेलं, आणि गावातली विसरभोळी मंडळी पाळीपाळीनं त्यातून जाऊन बघत होती.

"माझ्या खोक्यात बायकोचा आवाज घातलाय," आर्सेसिओबाबा कुरकुरले. "अरे, मी तिच्यापासूनच तर पळतोय!"

"पळा की," बायको म्हणाली. "जेवायच्या वेळी बरं घर सापडतं तुम्हाला!"

पण बाबासुद्धा आवाज ऐकून थांबत होते. एकटी लिबिया थांबत नव्हती. आणि खोकं चाललं नाही, तर आईला धर्मभगिनींच्या आश्रमात ठेवायचं, असं रुबिएलाच्या भावानं बजावलं होतं.

आई का थांबत नाही, ते रुबिएलाला ठाऊक होतं. सांगण्याची छाती मात्र नव्हती.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतली ती सकाळ. शिवणकामाला जायची घाई, आणि आईनं तव्यावरच्या अरेपा, मक्याच्या भाकऱ्या, पुन्हा कोळसा करून ठेवलेल्या. रुबिएला किंचाळली, "जा! जायचं तिकडं जा एकदाची!" आईनं मुकाट्यानं खांद्यावर घोंगडी घेतली आणि ती खरंच गेली. सापडली तेव्हा तिन्हीसांज झाली होती. बसथांब्यावर, कार्मेनच्या माउलीच्या, देवमातेच्या मूर्तीच्या पायाशी, धुक्यात गारठून बसली होती.

"नजर चुकवून निसटली," असंच रुबिएलानं भावाला सांगितलं. पाद्रीबाबांसमोर कबुलीला गुडघे टेकले, तेव्हाही जिभेवर तेच आलं. माउलीपुढं मात्र खोटं बोलवेना. तिथं मेणबत्ती लावून तिनं नेम धरला, की आईवर पुन्हा आवाज चढवणार नाही. रोज पहाटे ती तो नेम मनात म्हणायची आणि दिवसभर पाळायची. दूध उतू जावो, कपाटात शेणानं माखलेल्या चपला सापडोत, तोंडातून गोडच शब्द. खोक्यासाठीही तिनं तसाच आवाज दिला होता.

पण त्या सकाळपासूनच आईनं दाराचा ध्यास घेतला होता. मी 'जा' म्हटलं, रुबिएलाच्या मनात येई, आणि ती बिचारी अजून जातेच आहे.

येसेनिया लिबियासमोर मांडी घालून बसली.

"तिला नाही सांगता यायचं," रुबिएला घाईनं म्हणाली. "मला विचारा ना."

"ताई, दार त्यांचं आहे. त्यांनाच विचारते." मग तिनं लिबियाचे हात हातात घेतले. "आजी, दाराबाहेर कुठं जायचं असतं तुम्हाला?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आईला अडवायचं कसं, एवढाच सगळ्यांना घोर. रुबिएलानं जपमाळ मुठीत आवळली. आता ती सकाळ सगळ्यांपुढं येणार. येऊ दे, तिनं मनात म्हटलं आणि डोळे मिटले.

"कुठं म्हणजे?" लिबिया म्हणाली. "पोरीला शोधायला."

"पोर तर ही काय, शेजारीच बसलीय तुमच्या."

लिबियानं रुबिएलाकडं नीट निरखून पाहिलं. मग येसेनियाला जवळ ओढलं आणि कुणाचं मन दुखू नये म्हणून बोलावं तशी ती कुजबुजली, "ही बाई फार गुणाची आहे हो. न्हाऊ घालते, भरवते, कधी म्हणून रागावत नाही. देव तिचं कल्याण करो. पण माझी रुबिएला अशी नव्हे. तिचं तोंड म्हणजे फटाक्यांची माळ! ती कडाडली, की शेजारच्या कोंबड्या कुंपणावर चढायच्या. कुठं गेलीय कुणास ठाऊक. घरात तिचा आवाजच येत नाही. तो घाल बाई तुझ्या खोक्यात, मग मी कशाला उंबरा ओलांडू?"