शिंपीणबाईंची टेप

गल्ली अरुंद, आगीचा बंब शिरत नाही, म्हणून दोन्ही बाजूंची घरं पाडायची, या ठरावावर नगराध्यक्ष सही करणार, तोच सभेला आलेल्या गल्लीतल्या शिंपीणबाई उठल्या. गळ्यातली टेप टेबलावर ठेवली. “काल बंबाचं माप घेतलं, गल्लीचंही. बंब बाजूच्या आरशांसकट जातो, शिवाय गल्ली दोन्हीकडून वीतभर सैल पडते.” इंजिनिअर हसला. “बाई, हा काय सदरा आहे? नकाशा बघा!” “नकाशा बघून मी कात्री चालवत नाही, साहेब. आधी अंगाला टेप लावते.” नगराध्यक्षांचा हात नकळत कोटाच्या डाव्या खांद्यावर गेला. त्यांचा तो खांदा अर्धा इंच उतरता. बाईंनी पहिला कोट शिवताना ते ओळखलं, चकार शब्द न काढता जाड पॅड घातलं, आणि वीस वर्षांत कुणाला पत्ता लागला नव्हता. नगराध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. “चला बाई, टेपचं दुसरं टोक मी धरतो.”