नुसतं दमलोय

केबिनचं दार उघडं होतं. ते आपणच उघडलं, एवढं क्रेनवाल्याला कळत होतं. कधी, ते आठवत नव्हतं. खाली सोळा मजले. समोर हुकाला सळयांचा भारा लटकत होता, वाऱ्यानं हळूहळू गिरकी घेत होता.

ताप जाऊन आठ महिने झाले होते. अंगातला शीण काही जात नव्हता. शिडी चढताना चार वेळा थांबावं लागे. बोलता बोलता शब्द हरवत. रिपोर्ट सगळे नॉर्मल. "बायकोनं लाडावून ठेवलंय, दुसरं काय!" साइटवरचे हसत. तोही हसे. पण आठवडाभर एकच विचार पिच्छा सोडत नव्हता : एक पाऊल टाकलं, की सुटलो. उंचीला तो कधीच घाबरला नव्हता. आता त्याला स्वतःच्या पायांची भीती वाटत होती.

त्यानं वॉकी-टॉकीचं बटण दाबलं.

"मामा, दार उघडं आहे. माझा भरवसा नाही."

मामा म्हणजे खालचा सिग्नलवाला. एरवी दोघांचं बोलणं 'वर घे', 'डावीकडे', 'बस' एवढंच.

खालून आवाज आला, "दाराकडे बघू नकोस. आधी माल खाली घे. सावकाश... टेकला. आता एक हात लिव्हरवर, दुसरा बटणावर ठेव आणि बोलत राहा. काहीही बोल. मी वर येतोय."

तो बोलत राहिला. लेकीच्या शाळेबद्दल, मोरीतल्या गळक्या नळाबद्दल. मग रडू फुटलं, तसाच बोलत राहिला.

मामा आला. दार लावून घेतलं, कडी घातली आणि दाराला पाठ टेकून धापा टाकत खालीच बसला.

"डॉक्टरला काय सांगितलं होतंस?"

"दमलोय म्हणून."

"आज दोघं जाऊ. नुसतं दमलोय म्हणायचं नाही. दाराचं सांगायचं."

"वेडा म्हणतील, मामा."

मामानं कपाळावरचा घाम पुसला.

"तापानंतर मीही डॉक्टरला नुसतं दमलोय म्हणालो होतो. तेव्हा क्रेन मी चालवायचो. पाऊल टाकलं तेव्हा कमरेला पट्टा लावलेला होता, म्हणून लोंबकळत राहिलो."