वरच्या फळीवरची चकती

मुलीला मागणी घालायला आलेल्या तरुणासमोर चहाच्या व्यापाऱ्याने चिनी चहाच्या दाबून वाळवलेल्या दोन चकत्या ठेवल्या. एक मुरवलेली, एक कच्ची.

“बोला, कुठली आवडेल?”

मुलीने त्याला आधीच पढवून ठेवलं होतं. बाबांना धीराची माणसं आवडतात, मुरवलेलीकडे ढुंकूनही बघू नकोस.

“कच्ची!” तो छाती काढून म्हणाला.

“वा, जाणकार आहात! मुरवलेली काय, कुणीही आज फोडतो आणि आजच पितो. ही मात्र मुरायला वीस वर्षं ठेवावी लागते.” व्यापाऱ्याने चकतीच्या कागदावर आजची तारीख घातली, स्टुलावर चढून ती सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आणि हात झटकत तो खाली उतरला. “मुरली की या. चहा घेता घेता लग्नाचं बोलू.”

तरुणाचं तोंड एवढंसं झालं. मुलीची आई त्याला दारापर्यंत सोडायला आली.

“एवढं काय मनाला लावून घेतोस? माझ्या वडिलांनी यांचीही चकती अशीच वर ठेवली होती,” ती हळूच म्हणाली. “ती मुरेपर्यंत आमची लेक कॉलेजात जायला लागली होती.”