आटलेल्या डबक्यातले मासे

चार पावसाळे झाले, खाणीत कामाला गेलेल्या जोसियासची चिठ्ठी नाही की निरोप नाही. म्हणून त्याचा कोट पुरायचा, असं भावकीनं ठरवलं. देह नसला की कपडे पुरतात. तिघे म्हातारे सकाळीच अंगणात आले. खोरं सोबत आणलं होतं. विचारणं नंतर व्हायचं होतं.

न्वामितिलेनं, जोसियासच्या आईनं, त्यांना मरुलाच्या फळांची दारू दिली. ती त्यांनी आधी संपवली. दुःखाच्या कामाला घसा ओला लागतो.

"वहिनी, कोट आणा," तिचे धाकटे दीर मखुवेले म्हणाले. "पोराचा जीव तिकडं भटकत असेल. आणि सुनेनं तरी किती दिवस वाटेकडं बघत बसायचं?"

न्वामितिले उठली, पण कोटाकडं गेली नाही. चुलीमागचं मडकं आणून तिनं दिरासमोर ठेवलं. आत बोटाएवढे, लाल शेपटीचे मासे फिरत होते.

"हे कुठले, भावजी?"

"गुरांच्या डबक्यातले."

"पावसाआधी तिथं काय होतं?"

"धूळ. माझ्या शेळ्या बसायच्या."

"नदीचं पाणी येतं तिथं?"

"कुठलं येतंय!"

"तरी हे आले ना? इतके महिने दिसत नव्हते, तेव्हा यांचे कपडे पुरलेत का तुम्ही?"

दुसऱ्या म्हाताऱ्याला हसू आलं. ते त्यानं रिकाम्या पेल्यात दडवलं.

मखुवेले मडक्यावर वाकले.

"वहिनी, पाणी आटलं तेव्हा मी तिथंच होतो. ते मासे मेले. सगळे. बगळे चार दिवस खात होते. हे ते नव्हेत. ते चिखलात अंडी ठेवून गेले, त्यांची ही पोरं."

दारात जोसियासची मुलगी रोझिता उभी होती, बापासारखाच एक खांदा पाडून.

न्वामितिलेनं तिच्याकडं पाहिलं. मग आत जाऊन कोट आणला. खिसे चाचपले. बटणं लावली, सगळी, गळ्यापर्यंत.

तिसरा म्हातारा खोरं उचलून कुंपणाबाहेरच्या कोरड्या उंचवट्याकडं निघाला.

"तिकडं नको," ती म्हणाली. "डबक्यापाशी. चिखलात."

म्हातारा थबकला. मखुवेल्यांनी त्याच्या हातातलं खोरं घेऊन खांद्यावर टाकलं, दुसऱ्या हातानं मडकं उचललं आणि डबक्याची वाट धरली. पाणी हिंदकळू नये म्हणून ते फार सावकाश चालत होते.