सढळ हात

रागिणीनं तिसऱ्या माठावरचं सुतळीनं बांधलेलं फडकं सोडलं आणि आत पाहिलं. उसाची बारीक चिपाडं आणि ज्वारीचा कोंडा वाफवून भरला होता, तसाच पिवळट पडून होता. आज आठवा दिवस. एव्हाना वर हिरवीगार बुरशी पसरायला हवी होती.

ही बुरशी मातीत मिसळली की हळदीचे कंद कुजायचे थांबतात. परभणीला चार दिवस राहून रागिणी ती वाढवायला शिकली होती. येताना तिनं बुरशीच्या विरजणाच्या तीन बाटल्या आणल्या होत्या. पहिले दोन माठ वाया गेले. तिसरी बाटली या माठात रिकामी झाली होती.

बाहेर पाच दिवसांपासून झड लागली होती. कुरुंद्याच्या शिवारात पाणी तुंबलं होतं. त्यांच्या अर्ध्या एकरात उभी होती ती हळद साधी नव्हती. सासूनं, भागाबाईनं, माहेराहून ओटीत आणलेलं बेणं तीस वर्षं जपलं होतं. हे पीक गेलं की ते बेणंही संपणार होतं.

नवरा दारात येऊन उभा राहिला. प्रभूच्या हातात उपटलेलं रोप होतं. त्यानं कंद दाबला. बोटं आत रुतली आणि घाण पाणी गळलं.

"आणखी पाच ओळी गेल्या," तो म्हणाला. "तुझ्या माठाचं काय?"

रागिणीनं माठ त्याच्यापुढं कलता केला. तो रोप अंगणात टाकून निघून गेला.

तिला पहिल्या माठाचा दिवस आठवला. भागाबाई हसली होती. "माझ्या लोणच्याला कधी बुरशी आली न्हाई. सढळ हातानं हळद घालते मी. आन् ही सून, घरात बुरशी पाळून राहिली."

रागिणीनं हातातली सुतळी पाहिली. ती नेहमी सुरगाठ मारायची. आज सोडली ती घट्ट निरगाठ होती.

"आत्या, माठ तुमी उघडला होता?"

भागाबाई चुलीपुढं बसली होती. तिची बोटं पिवळी होती. पण हळदीच्या गावात कुणाची नसतात?

"व्हय."

"काहून? तुमाला नको होतं, तर तोंडावर सांगायचं. माझी महिन्याभराची मेहनत मातीत घातली."

म्हातारीनं वर पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

"नको काहून असंल, लेकी? माझ्या मायचं बेणं हाय ते. तू शेतात गेली की दर बारीला मी माठ पूजला. पयल्यात चिमूटभर हळद टाकली. काई आलं न्हाई. दुसऱ्यात मूठभर टाकली. तरी न्हाई. मंग या बारीला म्हटलं, आता हात आखडायचा न्हाई."